दहा तारीख

जेलरोडला, प्रेसच्या लांब भिंतीसमोर,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
दारावर पाटी : इं. द. गांगुर्डे.
खिळ्याला दुधाची पिशवी, अजून गार.

माझ्या मांडीवर सहा पानांचा फॉर्म.
आंघोळ स्वतः करता येते? नाही.
जिना उतरता येतो? नाही.
डावा हात?
तो पदराखाली होता,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
'नाही'च्या रकान्यात एकदा शिरलं
की पेनाला आपसूक वेग येतो.
अकरा वर्षं हेच करते मी.
माणूस किती उणे, ते वीस मिनिटांत काढते,
चहा निवायच्या आत.

चाकणहून मुलगा, स्पीकरवर :
"मॅडम, आईला आता काहीच जमत नाही.
तसंच लिहा, म्हणजे आश्रमात नंबर लागेल."
बाई खिडकीबाहेर बघत होत्या.
'ऐकू येतं का' पुढे मी मघाशीच
'होय' लिहिलं होतं.

फोन ठेवला. उठता उठता
फॉर्मवर नसलेलंच विचारलं :
"तुमच्याकडे लोक कशाला येतात?"
बराच वेळ गेला.
मग तोंडाची उजवी बाजू हलली.
"आज... दहा ना?"

आणि खरोखरच जिन्यावर चपला वाजल्या.
तळमजल्याच्या सायराबी, मागून पगारेंची सून,
पिशवीत स्टीलचा डबा,
डब्यात चोवीस घरांची भिशी.
कुणी काही सांगितलं नाही.
सुनेने पाट पुढे ओढला, त्यावर गड्डी,
गड्डीच्या एका कडेवर पालथा खलबत्ता,
डाव्या हाताच्या जागी.
मग उजवा अंगठा सुरू झाला.
बाजरी पाखडताना सुपाचा येतो तसा आवाज,
मध्येच तुटला.
"ही," बाई म्हणाल्या, "दोन. चिकटल्यात."

एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या,
हे सायराबींनी सांगितलं, बाईंनी नव्हे.
"पगारेंनी मशीन आणलं होतं मागे.
मशीन थांबत नाही हो. ह्या थांबतात."
मागच्या वर्षी दोघींत वितुष्ट आलं होतं
नऊशे रुपयांवरून.
ते कुणी मिटवलं, ते विचारायची गरज पडली नाही.

मला ऑफिस माहीत आहे.
हे लिहिलं की साहेब म्हणणार,
वा, जमतंय की! मग मदतनीस कशाला?
म्हणून तिथेच, समासात, आडवं लिहिलं :
नोटा मोजता येतात
म्हणून आपली पाठ आपल्याला चोळता येत नाही.
दोन्ही खरं आहे. दोन्ही टाइप करावं.

"तुम्हाला काय हवंय?"
हा प्रश्न चौथ्या पानावर आहे,
मी तो नेहमी नातेवाइकांना विचारत आले.
बाई एकेक शब्द उचलून ठेवत गेल्या.
न्हाणीत धरायला दांडी.
खुर्ची दारापाशी, येणारं-जाणारं दिसेल अशी.
आंघोळीला बाई पाठवा, पण दहा तारखेला
सकाळी लवकर, नंतर घरात गर्दी असते.
मग थांबल्या. पुन्हा मोजल्यासारखं केलं.
"आश्रमात... भिशी असते?"

सायराबी डब्याचं झाकण लावत राहिल्या.
झाकण केव्हाच लागलं होतं.

निघताना फॉर्म सहीसाठी पुढे केला.
सही उजव्या हाताची, अजून वळणदार.
त्याआधी अंगठ्याने पानं उलटली, सवयीने,
आणि आवाज तुटला.
"सात आहेत."

दोन पानं चिकटली होती.
नखाने सोडवून दाखवलं मला :
'इतर माहिती', आणि खाली चार ओळी,
फक्त चारच,
छापून आल्यापासून कोऱ्या.

मी पुन्हा खाली बसले.
चहा तोवर पार निवला होता.