वहिवाट

पॅरिश कौन्सिलची पेटी माझ्या जिन्याखाली असते.
पत्र्याची. कडी तुटली तेव्हापासून
लोकरी गळपट्ट्यानं बांधलेली.
माझ्याआधी ती गॅदरकोलबाईंकडे होती,
पार आधी एका लोहाराकडे,
म्हणून पहिल्या वहीच्या पानोपानी काळे अंगठे.

अठराशे चौऱ्याण्णवचा डिसेंबर, शाळेची खोली.
सात मोठी माणसं लहान पोरांच्या बाकांवर
गुडघे पोटाशी घेऊन बसली
आणि पाद्रीबाबांना न विचारता
पंपाच्या दांड्याविषयी बोलली.
दांडा नवा घ्यावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
क्रांती झाली ती एवढीच. रात्री नऊला दिवा मालवला,
रॉकेलचा खर्च चार पेन्स.

पुढचं बरंचसं चराविषयी.
चॅपलमागचा चर तुंबतो : विचार पुढील सभेत.
दोन महायुद्धं झाली, चॅपल विकलं गेलं,
तिथं आता कुणीतरी मातीची भांडी करतं.
चर पुढील सभेत.

पण एक्कावन्नच्या वहीत एक नकाशा आहे,
घडीवर फाटलेला.
काउंटीचं फर्मान होतं : गावच्या पायवाटा लिहून पाठवा.
वीस वर्षं बिनहरकत वहिवाट असेल
तर वाट सगळ्यांची.
मॉब्ज म्हणाला, माझ्या बीटच्या शेतातून वाट नाही.
दर गुड फ्रायडेला मी फाटकाला साखळी घालतो,
ती काय शोभेला?

साक्ष : केझाया थर्केटल, वय एकसष्ट, अविवाहित.
भाऊ पाणउपशाच्या इंजिनावर,
त्याचं जेवण घेऊन रोज दुपारी. तेवीस वर्षं.
गुड फ्रायडेलाही?
दलदलीचं पाणी सण पाळत नाही, साहेब.
मग साखळी?
कसली साखळी? मला कधी दिसली नाही.

लोक हसले. (हे वहीत नाही,
पण ओळ तिथं मधेच तुटली आहे.)
मग मागच्या भिंतीपाशी खुर्ची सरकली.
सौ. ओर्पा मॉब्ज म्हणाल्या,
साखळी मी काढायचे. पावणेबाराला.
ती परत गेली की घालायचे.

सौ. मॉब्ज यांचं म्हणणं नोंदवण्यात आलं.
नकाशावर तुटक रेघ, वाट क्रमांक सहा.
त्या रात्री मॉब्जच्या घरी काय झालं
त्याचं इतिवृत्त कुणी लिहिलेलं नाही.
पुढच्या सभेला मॉब्ज हजर.
त्यानंतरच्या सभेलाही.

काल विषय क्रमांक सात :
वाट सहाच्या कुंपणावरची पायरी कुजली.
दुरुस्ती तीनशे दहा पौंड.
इंजिन आता विजेचं, आपलं आपण सुरू होतं,
वाट जाते ती एका कुलूपबंद शेडपर्यंत.
चालतं कोण तिथून? असं विचारलं गेलं,
आणि प्रश्न रास्त होता.
दोन बाजूनं, दोन विरुद्ध,
अध्यक्षांना खोकला.
मला मत नसतं. मी लिहिते.
पुढील सभेत, असं लिहिलं
आणि ते दोन शब्द हाताला इतके सवयीचे वाटले
की पेनाचं टोपण लावता येईना.

दिवे मालवले, किल्ली पायपुसण्याखाली ठेवली,
आणि वाट सहानं निघाले.
बीट काढून झालेलं, घोट्यापर्यंत चिखल,
पायरीची फळी पायाखाली मऊ, पावासारखी.
वार बुधवार, रात्रीचे साडेनऊ, वापर एक :
हे कुठं नोंदवायचं ते मला माहीत नाही.
माझं घर उलट दिशेला आहे.