हातचा

सांतो दोमिंगोत, विमानतळाच्या रस्त्याला लागून
आमचं घर आहे. गुलाबी फाटक, सहा खोल्या, बारा खाटा.
इथे बायका कमरेत वाकून येतात,
नव्वदी गाठल्यासारख्या,
आणि दहा दिवसांनी ताठ मानेनं विमानात बसतात.
बहुतेक जणी.

माझं काम दर दोन तासांनी उठवायचं, चालवायचं,
पट्ट्याचे हूक लावायचे, तीन ओळी,
पोट आत घ्या बाई, अजून थोडं,
आणि कातडीतून निघालेल्या नळ्यांच्या टोकाचे
प्लास्टिकचे फुगे मापात रिते करून
वहीत लिहायचं.
सकाळी एकशे दहा. संध्याकाळी नव्वद.
रंग कलिंगड कापल्यावर ताटात उरतं तसा.
रंगाचा रकाना वहीत नाही.

तिसऱ्या खाटेवरची डेनिशा प्रॉव्हिडन्सची.
तिथे शाळेची बस चालवते.
तिचीही एक वही आहे, उशीखाली.
तिकडे अठरा हजार सांगितले, इकडे पाच.
त्यात विमान मिळवा,
आमचं घर मिळवा, रोजचे ऐंशी,
मुलांना सांभाळणाऱ्या बहिणीचे मिळवा,
बिनपगारी दोन आठवडे मिळवा.
तरी निम्म्याच्या आत, बघ, म्हणते,
आणि खाली ओढलेल्या दोन रेघांवरून बोट फिरवते,
नुकत्या सारवलेल्या भुईवरून फिरवावं तसं, जपून.

शाळेत आमच्या बाई म्हणायच्या,
नऊ नि सात सोळा, सहा मांडा, हातचा एक.
हातचा विसरलात तर गणित दिसायला सुबक राहील,
नुसतं खोटं असेल.

तिथे गेल्यावर टाका उसवला
तर तिकडचा डॉक्टर म्हणणार, ज्यानं शिवलं त्याला दाखवा.
पोटरीत एखादी गुठळी दबा धरून बसते,
चार तास मांडी न हलवता बसलं की
तिला वर जायची वाट सापडते.
आणि तो सहा पानी कागद स्पॅनिशमधला,
ज्यातलं तिला फक्त स्वतःचं नाव वाचता आलं.

यातलं काही मी बोलले नाही.
त्या ऐंशीतले बारा माझे आहेत.

मार्चमध्ये पाचव्या खोलीत
एक जांभळी बॅग तीन आठवडे उभी होती.
बहीण आली न्यायला, बॅग इथेच उघडली.
वर कपडे, तळाशी मुलासाठी घेतलेला
बेसबॉलचा हातमोजा, कोऱ्या चामड्याचा वास.
तिनं त्यात हात घातला आणि बसून राहिली.
मी तिच्यापुढे कॉफी ठेवली, साखर विचारली नाही.
मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी खाटांचे आकडे बदलले,
पाचवी खोली आता चौथी ब आहे.

आणि मला कोण काय सांगणार?
डॉक्टर परवा म्हणाले, युडेल्का, तुला अर्ध्यात करू.
मला विमान नको, दुभाषी नको,
कागद तर मला पाठ आहे.
रात्री आंघोळीनंतर मी आरशासमोर उभी राहते,
तिसऱ्या बाळंतपणाच्या व्रणावर लोंबलेलं कातडं
दोन्ही हातांनी मागे ओढते.
मावशी म्हणते, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
मी मात्र पैसे मोजून ठेवलेत. डब्यात, तांदळाखाली.
पाचव्या खोलीची चादर मीच धुतली होती, तरीही.

पहाटे तीनला वीज गेली.
इन्व्हर्टर आधी कण्हला, मग लागला.
डेनिशा जागीच होती.
खरं सांग, म्हणाली,
तू करशील?

मी माप मोबाइलच्या उजेडात धरलं.
साठ.
कमी होतंय, मी म्हटलं.
चला, उठा आता. आधी डावा पाय खाली.