पेशी

नंदगडला ती पेशी होती,
खानापूरच्या पीयूसीत सेल झाली.
माझ्या डोक्यात मात्र टॉर्चचेच सेल,
बाबा उन्हात वाळवून
आणखी दोन रात्री चालवतात ते.

रसायनात तर सामूचा पीएच झालाय.
संयुजा बहुतेक बसमध्येच राहिली.

हिरेमठ मॅडम कांद्याचा पापुद्रा
चिमट्यानं काचेवर पसरतात,
वर आयोडीनचा थेंब.
'नोडी,' म्हणतात.
मी डोळा लावते :
कौलांच्या कारखान्यात रचून ठेवाव्यात
तशा ओळी,
प्रत्येकीत एक पिवळट ठिपका.

शेजारची सहना कुजबुजते,
तुमच्यात ह्येला काय म्हणतात?
केंद्रक.
आमच्यात कोशकेंद्र.

रेकॉर्डवर दोघी न्यूक्लियस लिहितो
एकमेकींचं बघून.
स्पेलिंग दोघींचंही चुकतं,
अगदी त्याच जागी.