नवीन यानाला आवाज नाही

रविवारी साडेनऊला सगळे आमच्याकडं, वडगावात जमले.
शट्टूप्पा, मिनेझिस सर, शेजारच्या हिरेमठांची शिवलीला,
आणि फोनवर, स्पीकर लावून, पुण्याहून माझा भाऊ.
‘ध्रुवापार’ परत आलंय.
अकरा वर्षं चाललं, सव्वीस वर्षं बंद पडलं,
आता कुणा पैसेवाल्यानं उचललंय.
सरांनी कुंदा आणला, जसं काय बारसंच आहे.

पहिली पाच मिनिटं कोण बोललं नाही.
मग शट्टूप्पा म्हणाला, ‘पोचा कुठाय?’

जुन्या यंत्रमानवाच्या पोटाला डावीकडं पोचा होता.
तिसऱ्या भागात कप्तानानं लाथ मारलेली,
ती पुढं सगळी वर्षं दिसायची.
तुपाचा डबाच तो, रुपेरी रंग मारलेला.
‘ह्यो नवा गुळगुळीत. ह्याला कोण मारलंय सांगा?
कोण मारलंच नाही तर ह्यो शिकला कसा?’
सर म्हणाले, अरे, डबा होता तो.
‘होय की. पण आपला डबा होता.’

शिवलीलाला आवडलंय.
कप्तान बाई आहे, तिला भीती वाटते,
आणि तरी ती दार उघडते.
‘तुमचा कप्तान कधी घाबरलाच नाही.
मी बघितलंय तुमचं जुनं, मोबाईलवर, चार भाग.
पाचव्याला झोप आली.’
शट्टूप्पानं कुंद्याची वाटी तिच्यापासून लांब सरकवली.
‘नाव तेच ठेवलंय की,’ ती म्हणाली.
‘नावाचं काय घेऊन बसलीस,
आमच्या गावाचंपण बदललं.
आत कोण हाय ते बघायचं.’

सरांकडं एक वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची.
जुन्या मालिकेतल्या विज्ञानाच्या चुका:
तीनशे बारा, तारीखवार.
दहावीच्या पोरांना त्यातूनच भौतिकशास्त्र शिकवलं त्यांनी.
आज वही मांडीवर, टोपण काढलेलं पेन,
आणि पाऊण तासात फक्त दोन.
‘चांगलं केलंय,’ सर म्हणाले. ‘फार अभ्यास केलाय पोरांनी.’
आणि पेनाचं टोपण
लावायला त्यांना जरा वेळ लागला.

‘पूर्वीसारखं नाही राहिलं,’ फोनमधून भाऊ.
त्याला कुणी काही बोललं नाही.
त्यानं पूर्वीचं कधी बघितलंच नव्हतं.
तो कौलांवर असायचा, अँटेना धरून.
धारवाडकडं फिरवली की कन्नड बातम्या,
कोल्हापूरकडं फिरवली की मुंग्या,
मधोमध कुठंतरी, श्वास रोखून धरली,
तर यान.
आम्ही खालून ओरडायचो, आलं! गेलं! अरे आलं, हलू नको!
अकरा वर्षं त्यानं आमच्या ओरडण्यातून गोष्ट ऐकली
आणि वर खरं आकाश बघितलं.
सगळ्यात पक्कं मत त्याचंच.

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, बरं आहे.
खरं तर मी आवाज शोधत होते.
आमच्या पुढच्या खोलीत तेव्हा चार माग चालायचे,
रविवारीसुद्धा,
आणि सातवीपर्यंत मला वाटायचं
यान उडताना खटक-फटक, खटक-फटक होतं,
आणि तारे धाग्यासारखे एकेक करून तुटतात,
आणि कुणीतरी उठून ते जोडतं.
नवं यान तेल लावल्यासारखं सरकतं.
सर म्हणतात, तेच बरोबर, पोकळीत आवाज नसतो.
चूक क्रमांक एक होती ती, पहिल्या पानावर.

माग किलोवर गेले. सोफा त्यांच्याच जागी आहे.
पाय पसरताना शिवलीलाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं,
तिनं वाकून बघितलं: फरशीत रुतलेला बोल्ट.
‘हे काय अक्का?’
‘इंजिन होतं तिथं,’ मी म्हणाले.
ती हसली. मग हसायची थांबली.

तेवढ्यात चित्र अडकलं.
बाईचा हात दाराच्या कडीवर,
मधोमध गोल गोल फिरणारं चक्र.
खोली गप्प झाली तसा फोनमधून भाऊ घाईनं,
‘काय झालं? गेलं काय? कुणीकडं फिरवू?’
आणि आम्ही चौघांनी,
शिवलीलानंसुद्धा,
वर स्लॅबकडं बघितलं.