दंड

वळसा फक्त सहाशे मीटरचा.
एका रविवारी गाडीच्या काट्यावर मोजलाय मी.
तरी रोज सकाळी सव्वासहाला
उंटवाडीच्या अलीकडं, डिव्हायडर संपेपर्यंत
धीर निघायचा नाही.
अंबडची पहिली पाळी, पंचिंगला सात मिनिटांची सवलत,
आणि समोर फूटपाथ, रिकामा,
एका जागी कडा ढासळलेली,
जणू माझ्याच गाडीसाठी उतार करून ठेवलेला.

एकटा नव्हतो, हेही सांगून टाकतो.
पुढं कॅन लटकवलेला दूधवाला,
मागं एका स्कूटीवर क्लासची दोन पोरं.
आम्ही उलटे निघायचो,
आणि सरळ चालत येणाऱ्या माणसाला
हॉर्न देऊन सुनवायचो,
रस्त्यात काय चालतोस!

फूटपाथच्या मधोमध पिवळ्या फरश्यांची पट्टी आहे.
लांब उठलेल्या रेघा, कुठं कुठं गोल पुटकुळ्या.
चाक गेलं की टर्रर्र वाजायचं,
हँडलमधून मनगटाला झिणझिण्या.
वाटायचं, घसरू नये म्हणून असतील.
नाहीतर ठेकेदाराच्या मेहुण्याचा
फरश्यांचा कारखाना असेल.

केदा आहेर ती पट्टी तळव्यांनी वाचायचा.
रेघा म्हणजे चाल.
पुटकुळ्या म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे.
मूळचा बागलाणातला, बँकेत टेलिफोनवर बसतो,
थांब्यापासून बँकेच्या पायरीपर्यंत तीनशे बारा पावलं.
त्या हिशेबात मी कुठंच नव्हतो.

निफाडचा पारा पाचावर गेल्याची बातमी होती त्या दिवशी.
हेल्मेटच्या काचेवर वाफ.
मी हॉर्न दिला.
तो थबकला.
रस्ता उजव्या हाताला, आणि हॉर्न नाकासमोर, हे कसं?
त्यानं काठी पुढं केली, नुसती विचारायला.
ती माझ्या पुढच्या चाकात गेली.

तो हातावर पडला. खांद्याखालचं हाड.
मी उठलो. गाडीचा आरसा फुटला होता,
आणि खरं सांगतो,
मी आधी आरसा पाहिला.

टपरीवरची सुगंधाबाई गाळणं हातात घेऊनच धावली.
दूधवाला थांबला नाही.
पोरं स्कूटीवरून उतरली, ढकलत ढकलत
गुपचूप रस्त्यावर गेली.
केदा म्हणाला, "काठी कुठंय?"
तिचे तीन तुकडे, आतला रबरी दोरा लोंबणारा.
मी ते त्याच्या चांगल्या हातात दिले.
त्यानं मांडीवर जुळवून पाहिले, एकदा, दोनदा.
मग विचारलं,
"मी फूटपाथवरच होतो ना?"

हवालदार गांगुर्डे बाईंनी लिहून घेतलं:
उलट दिशा. पादचारी मार्ग. दुखापत.
लायसन्स त्यांच्या डायरीत, गाडी टेम्पोवर आडवी.
कोर्टाबाहेर वकील म्हणाला,
कबूल केलंत तर बघू, नाहीतर तारखा.
पाळीवरचे सगळे एकच विचारत होते,
दंड किती? दंड किती?

आपल्या भाषेत हा शब्द फार राबतो.
काठीलाही दंड म्हणतात.
खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हातालाही.
दोन मी एका सकाळी मोडले,
तिसरा भरला की सुटलो, असं धरून चाललो होतो.
पावती पाकिटात आहे अजून.
शाई उडत चाललीय तिच्यावरची.

आता बसनं उतरतो, चालतो.
परवा कुणी नाही पाहून
चप्पल काढून त्या पट्टीवर उभा राहिलो.
फरशी गार. रेघ, रेघ, रेघ,
मोजत गेलो, चाळिसाव्याला चुकलो.
मग पायाखाली पुटकुळ्या लागल्या
आणि नाकासमोर हॉर्न.

दूधवाला होता. ओळखीचं हसला.
मी बाजूला झालो.
पाय आपोआपच सरकले,
चप्पल तिथंच राहिली,
तिच्यावरून तो गेला, टर्रर्र.