पंधरा अँपिअर

यवतमाळच्या शोरूममधल्या पोरानं
स्टिअरिंगखाली वायर खुपसली,
टॅबकडे बघत म्हणाला,
"बॅटरीची तब्येत एकोणसत्तर टक्के, मॅडम.
एक्स्चेंजमध्ये तीन-दहा देऊ.
आजच बुक केली तर तीन-पंचवीस."

तब्येत हा त्याचाच शब्द.
मी गावोगाव फिरून रक्त काढते,
आकडे सांगणं हे खरं तर माझं काम.
हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन असलेली बाई
दिवसभर कापूस वेचून आलेली असते.
आकडा ऐकते, सुईची जागा पदरानं दाबते,
विचारते, "मंग जाऊ का मी?"
तिला कुणी तीन-पंचवीस देत नाही.

नवी होती तेव्हा दोनशे बारा दाखवायची.
झरी करून, पाटणबोरी करून,
बर्फाची पेटी पांढरकवड्याच्या लॅबला टेकवून
उरलेल्यात माहेरी जाऊन यायची.
आता एकशे एकतीस.
मे महिन्यात एसी लावला तर एकशे आठ,
म्हणून लावत नाही.
नमुन्यांना बर्फ, मला ओला दुपट्टा.

नवऱ्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला.
नुसती बॅटरी बदलायची तर
गाडीपेक्षा बॅटरी महाग.
"म्हशीपेक्षा दावं भारी," म्हणाला,
आणि पत्रिका फ्रिजवर ठेवून दिली.
लग्न होऊन गेलं, पत्रिका तिथंच आहे.

या भागातलं पंधरा अँपिअरचं प्रत्येक सॉकेट
मला ठाऊक आहे.
ग्रामपंचायतीच्या पाणी मशीनचं
(मशीन बंद, सॉकेट चालू),
होळी ते मृग रसवंतीचं,
आणि कोठोड्याला नानाजी कुळसंगेंची चक्की.

"गाडीले भूक लागली काय वं?"
नानाजी ज्वारीचं पोतं सरकवतात,
पिन स्वतःच खोचतात, मला हात लावू देत नाहीत.
एका तासात दहा टक्के.
तेवढ्यात कुणाची तूर किती भावानं गेली,
कुणाची पोरगी नर्सिंगला लागली, सगळं कळतं.
सून आदिलाबादकडची.
तेलुगूत रागावते, मराठीत चहा विचारते.
पिठाचा थर बॉनेटवर बसतो
आणि कुणीतरी पोरगं बोटानं त्यावर
ट्रॅक्टर काढून जातं.

नवी गाडी चारशे जाते.
चारशे म्हणजे सकाळी निघायचं
आणि कुठंच थांबायचं नाही.

हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला,
"चहासाठी जुनी गाडी ठेवतेस?"

तसं नाही.
गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या रात्री
परतेकींच्या पोरीचं रक्त पेटीत होतं,
ताप पाचव्या दिवसाचा,
स्क्रीनवर नऊ टक्के,
आणि कोठोड्याला पोचले तर लाइट गेलेली.
नानाजी बॅटरी घेऊन उभे राहिले.
उजेड कशावर पाडावा ते त्यांना कळेना,
मग माझ्या पायांवर पाडला.
पुतण्या मोटारसायकल घेऊन आला तोवर
एक तास चाळीस मिनिटं झाली होती.
प्लेटलेट बावीस हजार.

पोरगी बरी झाली. दुसरीत आहे.
मला पाहिलं की हात पाठीमागे लपवते.
पण एसी बंद ठेवून गाडी चालवताना
अधूनमधून ते नऊ दिसतं,
खरे तर असतात सत्तेचाळीस.

काल फोन करून सांगितलं, घेते.
पोरगा खूश. सनरूफ सांगितलं,
सीट गार होते ते सांगितलं,
बोललं की खिडकी उघडते, मराठीसुद्धा समजते.
वऱ्हाडी समजते का, ते विचारलं नाही.

विचारलं एवढंच,
"सोबत पंधरा अँपिअरची वायर येते ना?"
तो जरा थांबला.
"येते मॅडम, पण तिनं वीस तास लागतात.
आजकाल कोण लावतं?"

मी म्हटलं, लांबी किती?
चक्कीच्या दारापासून
कडुनिंबाच्या सावलीपर्यंत
पुरायला पाहिजे.