कोकराचं नाक

गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं दुकान.
पुढे फ्लेक्स, आत मोठा स्कॅनर.
भावी नगरसेवकांना बॅनरवर गोरं करणं
हे माझं रोजचं काम.

सिस्टर फिलोमिना एसटीनं आल्या,
मलमलीत गुंडाळलेली नळी मांडीवर धरून.
मिस्सेला फादर घालायचे तो झगा, म्हणाल्या,
विरला तेव्हा कुणीतरी पाठीचा तुकडा कापून ठेवला.
याच्या पन्नास प्रती हव्यात, जाड कागदावर,
नाताळच्या आधी.
वसतिगृहाचे पत्रे बदलायचेत.

काचेवर पसरला.
वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखं रेशीम,
मधोमध देवाचं कोकरू,
खांद्याशी झेंडा, डोक्यामागे सोन्याची चकती.
झाकण लावलं. खालून उजेड सरकत गेला,
पलंगाखाली पडलेलं कानातलं शोधणाऱ्या
बॅटरीसारखा, हळू.

पडद्यावर चारशे टक्के.
तेव्हा कळलं, सोन्याची तार कापडात शिरत नाही,
वरच पडून राहते,
पिवळ्या दोऱ्याचे बारीक टाके
तिला जागोजाग बांधून ठेवतात.
आणि सोनं छापता येत नाही, सिस्टर.
पिवळा, थोडा लाल, चिमूटभर काळा,
त्यातून सोन्याची आठवण निघते, सोनं नाही.
चालेल, म्हणाल्या.
मग जरा थांबून,
नाक तेवढं सरळ करता येईल?
घेणारे बाहेरचे आहेत.
त्यांच्याकडच्या चित्रांत कोकरू असं नसतं.

मी नाक पाहिलं.

पोपटाच्या चोचीसारखं, कपाळापासून वाकत आलेलं.
कान लोंबते. मानेवर तपकिरी डाग.
हे नाक मी ओळखतो.
जतेच्या पलीकडे मामाची चाळीस डोकी आहेत याच नाकाची.
माडग्याळच्या बाजारात हनुवटीखाली अंगठा घालून
मान वर करतात, आधी नाक बघतात,
मग दात, मग भाव.

कुणी भरलं हे?

नोंदवहीत एवढंच आहे, त्या म्हणाल्या:
आग्नेस. वय अंदाजे अकरा.
जतेच्या बाजूची, दुष्काळात आणून सोडली.
धनगर. हात चांगला.
आधीच्या नावासाठी रकाना नव्हता.

तुकडा उलटा केला. अस्तर उसवलेलंच होतं.
आत गाठी, तुटके दोरे, एका रंगातून दुसऱ्यात मारलेल्या उड्या,
आणि कापडातून पाझरलेली नमुन्याची शाई.
विलायती कोकरू, कागदाला भोकं पाडून उतरवलेलं.
पाय रेघेवर. पाठ रेघेवर. झेंडा तर अगदी काटेकोर.
तोंडाशी मात्र रेघ सरळ खाली गेलेली
आणि टाके तिला सोडून बाहेर,
फुगून, वाकून,
जसं असतं तसं.

रेघ चुकली आहे
असं तिला वाटलं असणार.

तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
अकरा मिनिटांत सरळ करून दाखवलं.
सिस्टर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत राहिल्या.
कोण हे, म्हणाल्या.
आणि स्वतःच हसल्या.
राहू द्या पहिलंच.

पन्नास निघाल्या. एक जास्तीची निघाली,
तिच्यात सोनं खाकी झालं होतं, ती मी ठेवली.
रात्री शटर ओढायच्या आधी
मामाला फोटो पाठवला.

झेंड्याविषयी काही नाही,
डोक्यामागच्या चकतीविषयी काही नाही.
उत्तर आलं:
नाक एक नंबर. कुणाची रं?

कुणाची,
तेच बघतोय, मामा.